आभार पोचवणारे बुकअज्जा

ते पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा मला जरा तऱ्हेवाईक वाटले. पुढे ओळख वाढली तसं कळलं, की माझा अंदाज कमीच पडला होता.

रामनगरच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रेशन कार्ड, शाळेचे दाखले, जमिनीचे उतारे असलीच कामं येतात. त्या दिवशी एक उंच, वाकलेले गृहस्थ काखेत काळ्या रेक्झिनचं जाडजूड पुस्तक घेऊन आले. वर सोनेरी अक्षरं. मी पुस्तक घेतलं, उघडून काचेवर पालथं घातलं आणि सवयीप्रमाणे वरून तळहाताने दाबलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"पाठ मोडेल त्याची," ते म्हणाले.

मग त्यांनी स्वतः पुस्तक अर्धवट उघडं, तिरकं धरलं, गवळी वासराला धरतो तसं, आणि मला म्हणाले, "आता दाबा बटण." एवढ्या मोठ्या पुस्तकातली त्यांना दोनच पानं हवी होती. मी प्रत हातात घेऊन बघितली. संशोधन नाही, आकडे नाहीत. नुसते आभार. आईवडिलांचे, गाईडचे, टायपिंग करून देणाऱ्याचे, आणि शेवटी नंदिगड्ड्याच्या एका माणसाचे.

"ह्याचं काय करणार?" मी विचारलं.

"पोचवणार," ते म्हणाले. "लिहिलेत, पण पोचवले नाहीत कुणी. तुम्हाला नंदिगड्ड्याची वाट माहीत आहे का?"

घाटापलीकडच्या एका विद्यापीठात, तिथल्या ग्रंथालयाच्या प्रबंध विभागात त्यांचा जन्म गेला होता. पीएचडीचे प्रबंध येतील तसे नोंदवायचे, क्रमांक घालायचे, कपाटात लावायचे, मागेल त्याला बसून वाचायला द्यायचे. पुढे सगळ्याचं स्कॅनिंग झालं आणि जागा अडते म्हणून विभागांकडच्या जादा प्रती रद्दीत काढायचं ठरलं. निवृत्त होताना सरांनी, मी त्यांना सर म्हणायचो, रीतसर परवानगी काढून त्यातल्या एकाच भागावरच्या प्रती मागून घेतल्या. आमच्या, कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यावरच्या.

"आमच्याच का?" मी विचारलं होतं.

"मलाही तेच बघायचं होतं," ते म्हणाले. "कपाटं लावताना ध्यानात यायचं. पक्षी म्हटलं की जोयडा, धरण म्हटलं की जोयडा, कंद, मध, वाघ, गाणी, सगळीकडे जोयडा. एवढ्या थोड्या माणसांवर एवढी पानं दुसरीकडे कुठे लिहिलेली मी पाहिली नाहीत. म्हटलं, ही माणसं आहेत तरी कोण, बघून यावं."

बघायला आले ते माझ्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून राहिले. खोली दाखवली तेव्हा त्यांनी पाणी, वीज, संडास काहीच विचारलं नाही. चारी भिंतींना आळीपाळीने गाल लावून बघितला आणि म्हणाले, "ह्या भिंतीला ओल आहे. इथे मी झोपेन. कपाटं त्या भिंतीला." माझी बायको दारात उभी राहून बघत होती. रात्री तिने मला एवढंच विचारलं, "माणूस शाणा हाय न्हवं?"

आमच्याकडच्या पावसात कागद सांभाळणं म्हणजे उन्हाळ्यात बर्फ सांभाळण्यासारखं. सर कपाटात एका बशीत मीठ ठेवत. मिठाला पाणी सुटलं की कपाटात पिवळा बल्ब लावून दार लोटून घेत. पावसाळ्यात एखाद्या दिवशी ऊन पडलं, की आमच्या गच्चीवर बायकोचे पापड एका बाजूला आणि सरांचे प्रबंध दुसऱ्या बाजूला. मधमाश्यांवरच्या प्रबंधाला एकदा मुंग्या लागल्या. सरांनी त्या मारू दिल्या नाहीत. "बायंडिंगची खळ मैद्याची आहे, त्यांना काय माहीत आत काय लिहिलंय," असं म्हणत कोंबडीच्या पिसाने एकेक मुंगी खाली उतरवत बसले. बायको म्हणाली, "अज्जा, तुमी पापडाकडं बी बघा जरा." तिनेच त्यांना पहिल्यांदा अज्जा, म्हणजे आजोबा, म्हटलं. मग सगळा बाजार बुकअज्जा म्हणू लागला. मी एकटा सर म्हणत राहिलो.

ते प्रबंध शेवटाकडून वाचत. आधी संदर्भसूची, मग परिशिष्टं, मग एकदम पुढचे आभार. निष्कर्षाचं प्रकरण कधीच वाचत नसत. "सगळ्यांचे निष्कर्ष सारखेच असतात," ते म्हणायचे. "अधिक संशोधनाची गरज आहे." टाइप केलेल्या पानावरचा एखादा अर्धवट उमटलेला र बघून कुणाकडे टाइप करून घेतलं ते ओळखायचे, आणि त्या टायपिस्टाची खुशाली आठवत बसायचे.

सर आता नाहीत. कपाटं अजून आमच्याकडेच आहेत, आणि मिठाच्या बशीकडे बायको लक्ष ठेवते. पण मला त्यांची आठवण कपाटांमुळे येत नाही. स्कूटरवर मागे बसून, मांडीवर प्रबंध धरून, माझ्या कानात सतत काहीतरी विचारत जाणारे सर आठवतात. हे झाड कुठलं, ह्या वळणाला नाव आहे का, ही वाट कुणी पाडली.

नंदिगड्ड्याला आम्ही त्या पहिल्याच आठवड्यात गेलो. ज्याचे आभार होते तो माणूस आता म्हातारा झाला होता, अंगणात सुपाऱ्या सोलत बसला होता. सर उभ्यानेच पान वाचू लागले. इंग्रजीतून वाचून लगेच मराठीत सांगत होते, की ह्यांच्या मदतीशिवाय इथल्या कंदांवरचा हा अभ्यास पुराच झाला नसता, मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. "त्यो चष्मेवाला पोरगा व्हय? बरा होता. पण माझी कोयती न्हेली त्यानं."

"म्हणजे?"

"कंद काढाय घेतली, ती परत दिली न्हाई. चांगली होती कोयती."

मला हसू आलं. सर हसले नाहीत. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून लिहून घेतलं आणि घरी येऊन ती प्रबंधाच्या आतल्या बाजूला चिकटवली. आभार पोचले. कोयती परत आलेली नाही. त्या दिवसापासून त्यांच्या नोंदणीत एक रकाना वाढला, पोचले की नाही. कुणी वारलेलं असायचं, कुणी मुंबईला गेलेलं. एका बाईंनी आभार परत पाठवले. म्हणाल्या, "त्यानं माझ्या घरात तीन म्हयने जेवण केलं नि बुकात माझ्या दिराचं नाव घातलं. दिरालाच सांगा जाऊन." सरांनी तेही चिकटवलं.

पण आभार सांगून झाले की माणसं पुढचं विचारायची. आत काय लिहिलंय? मग सर प्रबंध वाचून दाखवू लागले. देवळाच्या पायरीवर, शाळेच्या ओट्यावर. आणि ऐकणारे भांडू लागले. लिहिणारा तिथे नसायचा, म्हणून त्याच्या वतीने सर भांडायचे. ह्याला ते गावची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, म्हणत. "विद्यापीठात दोन परीक्षक असतात," ते म्हणायचे, "इथे ओटाभर."

कंदांच्या प्रबंधाची व्हायवा मी बघितली आहे. एकजण म्हणाला, कणगराचा कंद आमी असा लावतच न्हाई. दुसरा म्हणाला, तुझा बा असाच लावायचा. सर लगेच पान उलटून म्हणाले, "हे बघा, इथे फोटो आहे, हे तुमचेच वडील असावेत." फोटो हातोहात फिरला. पहिला माणूस बराच वेळ फोटो बघत बसला आणि म्हणाला, "बा चुकीचं लावायचा." सर एवढे खूश झाले, की परतीच्या वाटेवर त्यांनी मला स्कूटर थांबवून चहा पाजला. संशोधक बरोबर ठरला होता, आणि त्याला ते कधी कळणार नव्हतं.

असं हौसेहौसेने चाललेलं असताना बाजारकुणंग गावातला तो दिवस आला.

तो प्रबंध ह्या भागातल्या लग्नाच्या गाण्यांवर होता. एका मुलीने, आता त्या मोठ्या प्राध्यापक आहेत, गावात राहून लिहिलेला. आभारात पहिलं नाव पारूबाय. पारूबाय अजून होत्या. तरुणपणी नवरा गेलेला, मूलबाळ नाही, धाकटी जाऊ लक्षीबाय हिच्या शेजारी एकाच घराच्या दोन भागांत राहायच्या. दोन स्वयंपाकघरांच्या मध्ये एक दार होतं आणि ते कधी लागत नसे. आम्ही गेलो तेव्हा दोघी त्याच उंबऱ्यावर बसून एका ताटात शेंगा सोलत होत्या.

आभार ऐकून पारूबाय नुसत्या हसल्या. "आठवण ठेवली बाय," म्हणाल्या, आणि डोकं दुखतंय म्हणून आत गेल्या. त्यांनी व्हायवाला यायचं टाळलं, हे आम्हाला नंतर उमगलं.

देवळापाशी पंधरावीस बायका जमल्या होत्या. लक्षीबाय पुढेच बसली होती. सर वाचत होते, हळदीची गाणी, मांडवाची गाणी, बायका मान डोलवत होत्या, मध्येच एखादी ओळ उचलत होत्या. मग सरांनी पान उलटलं आणि त्याच सुरात वाचून गेले, "यांतली बहुतेक गाणी मला पारूबाई यांनी गोठ्यात, दार लावून म्हणून दाखवली. विधवा असल्यामुळे त्यांना लग्नात गाता येत नसे. मात्र त्यांच्याइतकी गाणी गावात दुसऱ्या कुणालाही येत नव्हती."

लक्षीबायने विचारलं, "कवाचं हे?"

सरांनी वर्ष सांगितलं. अजून त्यांना काही कळलं नव्हतं.

"माझ्या थोरलीचं लगीन त्याच साली झालं," लक्षीबाय म्हणाली. आवाज चढला नव्हता. "गाणी म्हणणारं कोण न्हवतं. मी हिचे पाय धरले. म्हटलं, हळदीला येऊ नको, पर मला शिकव तरी. तर म्हणाली, धनी गेला तशी गाणी गेली. एक बी आठवत न्हाई." ती उठली, लुगडं झटकलं. "माझ्या पोरीची हळद मुकी झाली."

ती गेली. आम्ही सामान आवरून तिच्या घरावरून निघालो तेव्हा मधलं दार लागलं होतं. आतून कडी घातल्याचा आवाज मी ऐकला.

परतीच्या वाटेवर सरांनी एकही प्रश्न विचारला नाही. घरी आल्यावर जेवले नाहीत. बायकोने ताट नेलं तर म्हणाले, "त्या पानावरून मी कितीदा गेलोय. गाणी बघितली, टाइपाच्या चुका बघितल्या. दार लावून, हे दोन शब्द मला दिसलेच नाहीत."

पुढे बरेच दिवस ते कपाटांकडे फिरकले नाहीत. मीठ ओलं झालं तरी बल्ब लावला नाही, तो मीच लावला. एकदा एकटेच बसने बाजारकुणंगला जाऊन आले. पारूबाय बाहेर आल्या नाहीत. लक्षीबायने पाणी दिलं. म्हणाली, "तुमची चूक न्हाई, अज्जा. बुकात होतं ते वाचलंत. पर तुमी आला नसता तर मी सुखानं मेले असते." हे त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, "ह्याची चिठ्ठी कुठे चिकटवायची?"

शेवटी उत्तर त्यांनाच सुचलं. ज्या मुलीने ते लिहिलं तिला आणायचं.

तिचा पत्ता कुठे मिळणार, असं मला वाटलं होतं. सरांना तो प्रश्नच नव्हता. ते माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि विद्यापीठांचे स्कॅन केलेले प्रबंध उघडत गेले. लोकगीतांवरचे अलीकडचे प्रबंध, आणि त्यांत गाईड म्हणून सही कुणाची. "माणूस गाव बदलतो, आडनाव बदलतो, विषय सहसा बदलत नाही," ते म्हणाले. एका सहीपाशी थांबले. आभारांत त्या विद्यार्थिनीने लिहिलं होतं, की आमच्या मॅडम काळी नदीच्या, म्हणजे आमच्याच नदीच्या, काठी शिकलेली गाणी गुणगुणत पानं तपासत. दोन फोन केल्यावर मॅडम फोनवर आल्या.

सरांनी सगळं सांगितलं. पलीकडून मला ऐकू आलं, "पारूबाय आहेत अजून?"

"आहेत."

"मला वाटलं नव्हतं. मी येते."

त्या खरंच आल्या. गणेशगुडीच्या एका लॉजवर उतरल्या. नदीत राफ्टिंग करायला आलेल्या पोरांच्या गर्दीत ह्या एकट्याच सुती साडीतल्या, केस पांढरे झालेल्या. बाजारकुणंगला जाताना त्यांच्या भाड्याच्या गाडीत सरांनी विचारलं, "तेव्हा पारूबायना विचारलं होतं का तुम्ही?"

"नाव घालू का म्हणून विचारलं होतं. घाल म्हणाल्या. दाराचं विचारायला हवं, हे सुचलंच नाही. मला ते फार महत्त्वाचं निरीक्षण वाटलं होतं." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "परीक्षकांनी त्याच वाक्याचं कौतुक केलं होतं."

लक्षीबायने त्यांना ओळखलं. बस म्हणाली, चहा ठेवला. पारूबायच्या बाजूचं पुढचं दार लोटलेलं होतं, पण आत त्या आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. मॅडम म्हणाल्या, "लक्षीबाय, चूक माझी आहे. मी..."

"तू गप बस गे बाय," लक्षीबाय म्हणाली. "तू पोर होतीस. माझं तुझ्याशी काय न्हाई."

चहाचा कप खाली ठेवून ती मधल्या दारापाशी जाऊन उभी राहिली. कडीला हात लावला नाही. बंद दाराकडे तोंड करून बोलली.

"वैनी. तिला दिलीस, मला का न्हाई?"

सर मान खाली घालून बसले होते. मला वाटलं आता निघावं. तेवढ्यात पारूबायचा आवाज आला, अगदी दाराजवळून. म्हणजे त्या आधीपासून तिथेच उभ्या होत्या.

"ती जाणार होती गे. तिला म्हटलं ते वाऱ्यावर गेलं. तुला शिकवलं असतं तर ते तुझ्या पोरीच्या डोक्यावर पडलं असतं. माझ्या तोंडचं गाणं. उद्या तिच्या कपाळाला काय झालं असतं, तर तू मला काय म्हणाली असतीस?"

माझी आई असती तर म्हणाली असती, काहीतरीच काय बोलतेस, मी कशाला काय म्हणेन. लक्षीबाय खरा विचार करत होती. तिच्या तोंडावर तो दिसत होता.

"म्हणाले असते," ती शेवटी म्हणाली. "तवा म्हणाले असते."

"मग."

"आता न्हाई म्हणत."

तिने कडी काढली. दार पलीकडूनही लावलेलं होतं. थोड्या वेळाने तिकडची कडीही निघाली. दोघी एकमेकींच्या गळ्यात वगैरे पडल्या नाहीत. लक्षीबाय म्हणाली, "चा निवला तुझा," आणि आत जाऊन तिच्यासाठी नवा कप भरून आणला. मॅडम रडत होत्या, तर पारूबाय त्यांच्याच पाठीवरून हात फिरवत बसल्या. नंतर म्हणाल्या, "समदी न्हाई दिली हां तुला. थोडी ठेवली होती."

"किती?" सरांनी पटकन विचारलं. त्या घरात आल्यापासूनचा तो त्यांचा पहिला प्रश्न. मग त्यांनी स्वतःच हात हलवून तो मागे घेतला.

त्यानंतर त्यांनी गावची व्हायवा बंद केली नाही, पण रीत बदलली. ज्याचं नाव पानावर आहे त्याच्याकडे आधी एकट्याने जायचं, त्याच्याबद्दल लिहिलेलं सगळं त्याला वाचून दाखवायचं, आणि तो म्हणेल तेवढंच चारचौघांत वाचायचं. कुणी म्हणायचं, सगळं वाचा. कुणी म्हणायचं, माझं पान दुमडा. ती पानं सर खरंच दुमडत. ज्या माणसाने मला पुस्तक काचेवर दाबू दिलं नव्हतं, तो आपल्या हाताने पानांना घड्या घालत होता. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ग्रंथपालाने वाचकांना आत घ्यायचं असतं, एवढंच मला शिकवलं होतं. काही पानांना राखणदारही लागतो."

उन्हाळ्यात लक्षीबायच्या नातीचं लग्न ठरलं, तेही आजोळी, ह्याच घरी. आम्हाला बोलावणं आलं. मी, बायको आणि सर, तिघं हळदीलाच गेलो. अंगणात मांडव, पाट, वाटीत हळद कालवलेली. पारूबाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या, नेहमीसारख्या. लक्षीबाय आत गेली आणि मनगटाला धरून त्यांना मांडवात घेऊन आली. खाटेवर बसलेला एक म्हातारा पाहुणा काहीतरी पुटपुटला.

"माझ्या नातीची हळद हाय," लक्षीबाय त्याला म्हणाली. "बरंवाईट काय व्हईल ते मी बघते."

पारूबाय खाकरल्या, पदर तोंडाला लावला. मग जमिनीकडे बघत त्यांनी पहिली ओळ उचलली.

उंबऱ्याच्या आत माय, उंबऱ्याभायर माय,
मधी उभी लेक, तिची वाट कुठं हाय

बायकांनी ती ओळ मागून म्हटली. नवरीची आई, म्हणजे लक्षीबायची तीच थोरली, मुलीला हळद लावत होती. तिचा हात थांबला, आणि ती पारूबायकडे बघत राहिली. मग पुन्हा हळद लावू लागली. माझ्या बायकोने माझा दंड घट्ट धरला होता.

सर मांडवाच्या कडेला पाण्याच्या पिंपाशेजारी उभे होते. दोन्ही हात मागे बांधलेले, मान थोडी कललेली. नवऱ्याकडची चार माणसं हळद घेऊन आली होती. त्यांतल्या एकाने ह्या उंच, अनोळखी म्हाताऱ्याला बघून अदबीने विचारलं, "अज्जा, तुमी कुणाकडचे?"

कुठल्याही प्रश्नाला सविस्तर उत्तर देणारा हा माणूस, पण त्या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत लक्षीबाय हळदीच्या हातांनी तशीच पुढे आली.

"आमच्या घरचे हायत," ती म्हणाली. "त्यांना पान वाढा आधी, सकाळपासनं उभे हायत."